चार अंशांची खोली

ती. आईस,

नमस्कार. तुझ्या गुडघ्यांचीही चौकशी केली आहे, त्यांना सांग.

मी मजेत आहे. या औषधांच्या गोदामात थंड खोलीची नोंदवही माझ्याकडे आहे. दारावरचा तापमापक बघायचा आणि दर तासाला ‘चार अंश’ लिहायचं. सात वर्षं वहीत चारच आहे. माणसं कपाळावरचा घाम पुसत चार लिहितात. डोकं इथे फक्त टोपी ठेवायला वापरतात.

मी विचारलं, “दार उघडं असतानाही चारच कसं?” साहेब म्हणाले, “आजवर कुणाला हा प्रश्न पडला नाही.” जणू पदकच मिळवलंय. मग मी तापमापक काढून सगळ्यांसमोर गरम पाण्यात बुडवला. काटा चारवरच. त्यावर भिंतीला पाटी लागली: उपकरणांना हात लावू नये.

तिथे लहान मुलांच्या लसी आहेत गं. म्हणून काल मी वहीत ‘माहीत नाही’ असं लिहिलं. उद्या वरच्या ऑफिसात बोलावलंय. काळजी करू नकोस. तू बाबांना प्रत्येक गोष्टीवर “कशावरून?” विचारायचीस, तसंच मीही विचारीन.

आणि माझ्यासाठी स्वेटर विणत असशील, तर थांब. महिनाभर त्या खोलीत अर्ध्या बाह्यांत वावरतेय, अजून एकदाही थंडी वाजलेली नाही.

तुझी,
थोरली