जाईच्या वेलावरचं पिवळं

आबा, राजारामपुरीतल्या बंगल्याची जी बाग तुम्ही अठरा वर्षं राखलीत, तिथं आता फ्लॅट झालेत. पण गेल्या महिन्यात ती मी चित्रांत पाहिली. मी ज्या कलादालनात नोकरीला लागले, तिथं चित्रकार बाईंचं बागांवरचं तिसरं प्रदर्शन भरलं. तुम्हाला त्या आठवतील. फाटकाजवळ स्टूल टाकून बसायच्या, आणि त्यांचे पाय भिजू नयेत म्हणून तुम्ही आधी पलीकडचे वाफे भिजवायचात. प्रत्येक चित्राखालच्या कार्डावर दोन ओळी लिहायचं काम माझ्याकडं होतं. घरातली पहिली पदवीधर, त्यात लिहिण्याचं काम, म्हणून मी जीव ओतून लिहिलं. जाईच्या मोठ्या चित्राचा फक्त फोटो पाहून लिहिलं, 'कुणाचाही हात न लागता बहरलेली जाई.'

कार्ड छापून आलं, चित्र भिंतीवर चढलं, तेव्हा जवळून पाहिलं. पांढऱ्या फुलांमध्ये जागोजागी पिवळं होतं. त्या आईच्या हळदी साडीच्या चिंध्या होत्या.

मी चौथीत आहे. सुट्टीत तुमच्याबरोबर बागेत आले आहे आणि शहाणपणा करून वेल सुतळीनं करकचून बांधला आहे. तुम्ही गाठ सोडता. "म्हस हाय व्हय ती, दावं बांधाय? सुतळी कापती त्येला. मऊ चिंधी घ्यायची, आन् गाठीत आपलं बोट मावलं पायजे. उद्या त्यो जाड हुनार हाय." मग माझीच करंगळी गाठीत घालून दाखवता.

हे सगळं आठवूनही मी कार्ड बदललं नाही. दहा मिनिटांचं काम होतं.

रविवारी मंगळवार पेठेतून आई आली. त्या चित्रापुढं एक गृहस्थ बायकोला विचारत होते, "ही पिवळी फुलं कसली गं?"

"फुलं कुठली वो पावणं? माझी साडी हाय की ती!" आईचा आवाज तुम्हाला माहीत आहे. "ह्येंनी टराटरा फाडली. चार येळा बी नेसली नव्हती."

सगळं दालन वळून बघायला लागलं. मी म्हणाले, "आई, हळू बोल."

बाई पुढं आल्या. "तुम्ही माळीकाकांच्या घरच्या?"

"व्हय. आन् ही त्येंची लेक. सांगितलं न्हाई व्हय तिनं?"

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. आई कार्डाकडं बोट दाखवून म्हणाली, "हितं काय लिवलंय, वाच की." मी वाचलं. ती म्हणाली, "हात न लागता? मग गाठी कुनी मारल्या?"

बाई म्हणाल्या, "मला ती पिकली पानंच वाटायची. दिसलं तसं रंगवलं." त्याच दुपारी मी नवं कार्ड लावलं. वेल कुणी बांधला ते लिहिलं, तुमचं नाव घातलं, ते माझे वडील हेही लिहिलं. आई आता गल्लीत सांगते, पोरीनं बापाचं नाव भिंतीवर लावलं.

तिला एक माहीत नाही. इथल्या नोकरीच्या अर्जात वडिलांच्या व्यवसायापुढं मी 'शेती' लिहिलं होतं. म्हणून तर आठ दिवस कार्डाला हात लावला नाही. कार्ड बदललं, पण तो अर्ज ऑफिसच्या फायलीत अजून तसाच आहे. आपल्याला कुठं शेती होती, आबा?