पाइप धरून बाहेर

भिवंडी

माय, पाया पडतो.

मी बरा आहो. जेवतो बी टायमावर. फोनवर तुया आवाज आला का मले बोलता येत नाई, म्हणून लिहून राह्यलो. बाबाचा गुडघा कसा आहे?

आगीच्या बंबावरचा माहा जोडीदार हेमराज गेला, त्याच्या मायले, यशोदामावशीले, भेटाले तू जाम गावाले जाशीनच. ती इचारन, पोरगा कसा गेला.

जळत्या गोदामात धुरानं सोताचा हात दिसत नाई. पाण्याचा पाइप चाचपतच बाहेर यावं लागते. दोन पाइप जोडणाऱ्या कपलिंगवर बोटं फिरवली का समजते, दार कोणीकडं अन् आग कोणीकडं. हेमराजनंच मले शिकवलं होतं, डोळ्याले दुपट्टा बांधून.

तो कपलिंग धरूनच भेटला. मूठ सुटेना, म्हणून पाइप कापला.

यशोदामावशीले सांगजो, तो दाराकडंच येऊन राह्यला होता, दम पुरला नाई.

खरं फक्त तुले सांगतो. तो बाहेर पोचला होता. मी आत राह्यलो म्हणून पाइप धरून परत आला. मले तवर मागच्या खिडकीतून शिडीनं काढलं होतं. त्याले ते माहीत नोतं.

त्याचं तोंड आगीकडं होतं, माय.

तुया,
मुकेश