मुंग्यांनी पेरलेलं रोप

नाशिक,
ता. २२ सप्टेंबर १९३६

ति. स्व. इकडचे सेवेशी,

साष्टांग नमस्कार. सासूबाई आणि मी, दोघी खुशाल आहोत, पाऊस बेताचा आहे, तुमची धोतरं धोब्याकडून आली. झाली रीत! आता खरी बातमी. हरलात! अहो, साफ हरलात! तुमचं ते पाणथळीतलं रोप आपल्या अंगणात फुललंय!

आठवतंय ना? मागच्या दिवाळीत निफाडकडच्या तळ्याकाठी चिखलात वहाण रुतवून तुम्ही ते उपटलंत. मी म्हटलं, “घेवड्याच्या जातीतलं दिसतंय.” तुम्ही भिंग पुढे केलंत आणि म्हणालात, “पुंकेसर मोज.” घेवड्याला दहा, याला आठ. वर लॅटिन नाव सांगितलंत, पॉलिगाला. मग चिमूटभर बी माझ्या हातावर ठेवून हसलात, “कॉलेजात किती वेळा पेरलं, रुजतच नाही. तू फूल दाखव, लगेच पुण्याला बिऱ्हाड करतो.” लग्नाला चार वर्षं झाली, तुम्ही तिकडे खाणावळीत आणि मी इकडे. तुम्ही थट्टा केली असेल. मी मनाशी खूणगाठ बांधली.

ज्येष्ठात अर्धं बी कुंड्यांत पेरलं. मुंग्या लागू नयेत म्हणून कुंड्या पाण्याच्या परातीत ठेवल्या, दुधाचं पातेलं ठेवतो तशा. उरलेलं बी ओसरीत कागदावर होतं. दूध उतरवायला आत गेले, तेवढ्यात मुंग्यांनी सगळं लंपास केलं! मी रडले, आणि सासूबाईंवरच घसरले, “रोज साखर घालघालून तुम्हीच त्यांना शेफारून ठेवलंय!” त्या म्हणाल्या, “मुंगीच्या तोंडचं काढू नये गं.” इकडे कुंड्यांत शेवाळ तेवढं आलं.

आणि परवा! विहिरीच्या पन्हळीपाशी सदा ओल असते ना, तिथे दूधवाली भागीबाई वाकून गवत उपटत होती. “ताई, लय माजलंय हे. म्हशीला नेऊ का?” बघते तर तिच्या हाताशी काहीतरी जांभळं. “हात लावू नकोस!” अशी ओरडले की बिचारीची चरवी कलंडली. भिंग आणलं. दोन पाकळ्या पंखासारख्या पसरलेल्या, पुढे बारीक झालर, आणि पुंकेसर आठ. पुन्हा मोजले. आठच! भागीबाईला मिठी मारली. ती म्हणते, “ताईला काय झालं वो?”

शेजारीच दगडांच्या फटीत मुंग्यांचं बीळ आहे. त्यांच्या कचऱ्यात तेच काळं, केसाळ बी पडलेलं, पण डोक्यावरची पांढरी टोपी गायब. टोपी खाल्ली आणि बी ओल्या मातीत टाकून दिलं! ज्यांना मी परात ठेवून अडवलं, त्यांनीच पेरणी केली. लिहा हे तुमच्या प्रोफेसरांना. आणि माझं नाव घालून लिहा हं.

तुम्ही विचाराल, पन्हळीपाशी मुंग्या आल्या कुठून? सासूबाई तर साखर शेवग्याखाली घालतात. मलाही तेच कोडं पडलं.

इथवर लिहून दौतीला झाकण लावलं होतं. पुन्हा काढलं.

काल सकाळी मी सासूबाईंच्या मागे उभी राहिले. साखरेची वाटी घेऊन त्या भिंतीला हात लावत लावत चालल्या होत्या. शेवगा मागे राहिला. पन्हळीशी थांबून साखर सोडली आणि म्हणाल्या, “घ्या गं बायांनो.” त्यांना वाटतं, तोच शेवगा. अहो, त्यांना दिसत नाही. मेच्या सुट्टीत तुम्ही आलात तेव्हा वाढायचं काम त्यांनी कसं माझ्यावर ढकललं, आठवा.

विचारलं, तेव्हा म्हणाल्या, “चैत्रापासून सगळं धुरकट झालंय. यशवंताला कळवशील तर माझी शपथ आहे. तू सुखानं पुण्याला जा. नवऱ्यावाचून किती दिवस काढशील? मला हे घर पायानं पाठ आहे.” पायानं पाठ आहे म्हणे! पन्हळीच्या पलीकडे उघडी विहीर आहे हो. काल रात्री मला झोप लागली नाही.

शपथ मोडली. तिचं जे काय पाप असेल ते माझ्या माथी.

पैज मी जिंकले आहे आणि ती सोडणार नाही. बिऱ्हाड करा, पण तिघांचं करा. डोळ्यांचे डॉक्टर जवळ असतील असं बघा. माडीवरची खोली नको, थोडं अंगण हवं. आणि जागा ठरवण्याआधी जरा वाकून बघा, तिथे मुंग्या आहेत ना. तोवर मी इथून हलणार नाही.

फूल दाबून पत्रात घातलंय. खात्री नसेल तर पुंकेसर मोजा.

पैज जिंकलेली, आणि रोज सकाळी त्या वाटीच्या मागे मागे चालणारी,
आपली
गोदावरी