आधी माझ्या कोंबड्या

निपाणी, ३ नोव्हेंबर १९७८
ती. आक्कास,
मालूचा शि. सा. नमस्कार. वि. वि.
तुमच्या गावच्या भावकूबरोबर माझ्या तिन्ही पांढऱ्या कोंबड्या पाठवतेय. घरमालकाला घर हवंय, हे तुला ठाऊकच आहे. तू ये ये म्हणतेस, पण कंग्राळीच्या तुझ्या घराची घडी बसलेली. तू, तुझी कामाची नागुबाई, तुझे नियम. हे गेल्यापासून मी कुणाच्या घरात राहिले नाही. आधी कोंबड्या तुझ्या कळपात रुळू देत. रुळल्या तर येते, नाहीतर इथेच खोली बघते. हसू नकोस, आणि खरं तेच कळव.
लोभ आहे तसा राहू दे.
मालू

कंग्राळी, ८ नोव्हेंबर
चि. मालूस,
अनेक आशीर्वाद. कोंबड्यांवरून बहिणीची परीक्षा घ्यावी, हे कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी मला तरी शिकवलं नव्हतं. भावकूने डालगं एसटीच्या टपावर टाकलं, संकेश्वरला ऊन खात ठेवलं, तरी तिघी जिवंत पोचल्या.
माझा कळप मात्र निर्लज्ज. कुणी गावठी, कुणी विलायती लेगहॉर्नच्या वळणाची, एक उघड्या मानेची. सगळ्या दहा घरांतून आलेल्या, आणि आता जन्मापासून इथल्याच असल्याचा तोरा. तांबडी तर दाण्याजवळ फिरकू देत नाही. तुझ्या एकीची पाठ जराशी खरचटली, तिला लाल औषध लावलंय. जन्मभर नर्स होते, काळजी नको.
लोभाचं विचारायचं नाही, तो आहेच.
आक्का

कंग्राळी, १४ नोव्हेंबर
चि. मालूस,
अ. आ. खरं कळव म्हणालीस, म्हणून कळवते. त्या खरचटलेल्या कोंबडीची पाठ सोलून निघाली. मी सकाळ-संध्याकाळ लाल औषध लावते, आणि सोडली की सगळ्या तिच्यावरच तुटून पडतात. आता दुसरीही जखमी आहे. नागुबाई म्हणाली, "आक्का, ह्या काय रुळत न्हाईत. परत धाडा." मी तिला गप्प बसवलं, पण मला घास जात नाही. खोली बघितलीस का? एवढ्यात बघू नकोस.
राग धरू नकोस.
आक्का

निपाणी, १७ नोव्हेंबर
ती. आक्कास,
शि. सा. न. आधी रडले, मग हसू आलं. अगं, लाल दिसलं की कोंबडी टोचणारच, तिला ते रक्त वाटतं. तू रोज तिला रंगवून वैरिणींपुढे उभी करतेयस. जांभळं औषध लाव. तिघींना जाळीआड ठेव. दिसू देत, पण चोच पोचू देऊ नकोस. उद्या एक खोली बघायला जाणार आहे.
माया असू दे.
मालू

कंग्राळी, २९ नोव्हेंबर
चि. मालूस,
अ. आ. औषधातलं मला कुणी शिकवायची गरज नव्हती. जांभळं लावलं. जखमा भरल्यावर आज जाळी काढली. तिघी कडेला दाणे टिपत होत्या. तांबडीने मान वर केली, बघितलं, आणि खाली घालून खात राहिली. रुळल्या असं लिहिणार नाही, खोटं होईल. पण कुणी मारलं नाही. मी पायरीवर बसून होते, चहा गार झाला.
खोलीचं काही विचारत नाही.
आक्का

निपाणी, २ डिसेंबर
ती. आक्कास,
शि. सा. न. येत्या शनिवारच्या एसटीने येतेय. दारात शेजारणी जमवून बिचारी बिचारी करायला लावू नकोस, मला लाल औषध नको. माझं ताट थोडे दिवस कडेला मांड, माझी मी सरकेन. आणि त्या घरातली तांबडी कोण, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे.
बाकी लोभ समोरासमोर.
मालू