पॅनलवर पाहायचा कार्यक्रम

३ डिसेंबर, बुधवार

गुंजनचं नाव छापून आलं! पेपरात नाही, कॉलेजच्या मोठ्या पत्रकावर. चार फोटो — तीन टकले अन् एक माझी नात! येत्या शनिवारच्या पुढच्या शनिवारी इथं भिलाईच्या कॉलेजात परिषद आहे. हे चौघं स्टेजवर बसून आपसात बोलणार, बाकीचे ऐकणार. त्याले पॅनल म्हणतात. मी चौथी शिकली, पण नाव बरोबर वाचलं. मंग आणखी एकदा वाचलं. प्रफुल्ल म्हणे, "आई, फाटीन ते, ठेव आता." पोट्टी त्याची, अन् कौतुक पाहा — स्टील प्लांटातून आला, जेवला, झोपला!

५ डिसेंबर, शुक्रवार

लाखोळीची भाजी निवडता निवडता गुंजनले विचारलं, तू तिथं बोलणार कशावर?

"आजी, कॉम्प्युटरात मेंदूसारखं एक जाळं असते. त्याले रुळाचे हजारो फोटो दाखवायचे. हा चांगला, हा तडकलेला. पाहून पाहून ते शिकते."

तिचे आजोबा प्लांटाच्या रेल मिलमध्येच होते, रूळ बनतात तिथं. सारा जन्म रूळ पाहण्यात गेला. आता फोटोतून आमाले पाहून राहिले.

"शिकलं ना मंग? आता काय राहिलं?"

"चुकते तरी छातीठोक सांगते ना आजी! कधी न पाहिलेला रूळ दाखवला तरी म्हणते, चांगला. मी त्याले 'माहीत नाही' म्हणायले शिकवून राहिली."

बाप्पा! आमच्या मास्तरसमोर माहीत नाही म्हटलं की छडी. अन् हिले त्याच्याच संशोधनासाठी सरकार पैसे देते!

भाजीत काड्या राहिल्या. सून बोलली.

९ डिसेंबर, मंगळवार

आज एक काम केलं. गणपतीच्या देवळात रत्नमालाबाई भेटतात — आपल्याच नागपूरकडच्या. त्यांचे मिस्टर विजयकुमार प्लांटातून अफसर होऊन रिटायर. मुलगा प्रशांत तिथंच इंजिनिअर, लग्नाचा. म्हटलं, शनिवारी परिषदेले या, मुलगी पाहून घ्या. पण तिले सांगायचं नाही. मागच्या वेळी पाहुणे दारात अन् ही मागच्या दारानं लायब्ररीत! पोहे आम्हीच खाल्ले.

चोरून काही नाही, आमच्यात असंच पाहतात. मले सासूनं मंडईत पाहिलं. दिवाळीनंतर गावची मंडई भरे, जत्राच ती, नाटक होई, मी शिंगाडेवाल्याशी भांडून राहिली होती. मले पत्ता बी नाही! सासू म्हणे, हिले कोणी फसवणार नाही. झालं लग्न.

रत्नमालाबाईंचं एकच म्हणणं — "मुलगी भिलाईतच राहील ना हो? आम्हाला हा एकुलता एक."

म्हटलं, राहील ना! कावून नाही राहणार? माझी नात आहे, मले माहीत नाही का!

१२ डिसेंबर, शुक्रवार

प्रफुल्लनं हे स्थळाचं ऐकलं. "आई, तिले विचारलं का तू?" म्हटलं, मले कोणं विचारलं होतं?

१३ डिसेंबर, शनिवार

पाय ठणकून राहिले, पण आजचं आजच लिहीन.

गुंजननं घरच्यांसाठी पास देले होते, एक जास्तीचा बी. प्रफुल्लची ड्यूटी, सुनेले ताप — त्या पासवर मी रत्नमालाबाईंच्या घरच्या तिघांले नेलं. गळ्यात पट्टे. माझ्यावर बी 'अतिथी' लिहून! तिसरी रांग धरली. मधात मी, एका बाजूले रत्नमालाबाई, पलीकडे ते बापलेक. प्रशांत उंच आहे. दाढी ठेवली, पण ते निघते.

स्टेजवर चार खुर्च्या, चार पाण्याच्या बाटल्या. माझी पोट्टी निळ्या साडीत! साडी कशी नेसली म्हणाल — मीच म्हटलं, आजोबांले आवडे तो रंग. अर्धं इंग्रजी, अर्धं हिंदी चाललं. पण मले ते लग्नाच्या बैठकीसारखंच वाटलं. दोन्हीकडचे मोठे लोक बसतात, हसून बोलतात, अन् आपलंच खरं करतात. तसंच! दिल्लीकडचे एक सर म्हणे, फोटो वाढवा, जाळं वाढवा, चुका आपोआप जातील. गुंजन म्हणे, "सर, मैं सहमत नहीं हूँ."

माझा हात छातीवर! एवढ्या मोठ्या माणसाले! रत्नमालाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

मंग माइक लोकांकडे आला. अन् उठलं कोण? विजयकुमार! "बेटी, हम बरसों मिल में रहे हैं. तुम्हारी मशीन हर दूसरी रेल पर बोले कि पता नहीं, तो मिल चलेगी कैसे? कितनी बार बोलेगी?"

गुंजन म्हणे, "सर, मिल के नए फोटो पर अभी जाँचा नहीं है. मुझे नहीं पता."

दिल्लीवाले सर हासले. म्हणे, बाज़ार में 'पता नहीं' नहीं बिकता. सारा हॉल हासला. रत्नमालाबाई माझ्या कानात — "इतक्या लोकांसमोर माहीत नाही म्हणाली हो!" वाटलं, झालं, गेलं स्थळ. पण पोट्टीची मान खाली नाही गेली. बाटली उघडली, पाणी प्याली, म्हणे, "जाँच के बताऊँगी." बस.

जेवणात कचोरी होती, पनीर होतं. प्रशांत ताट घेऊन गुंजनपाशी गेला अन् रुळाचं काहीतरी विचारत बसला. पनीर थंड. तिले वाटलं असन कोणी विद्यार्थी आहे! मी खांबामागे गुलाबजाम खाल्ले.

१४ डिसेंबर, रविवार

रत्नमालाबाईंचा फोन नाही.

गुंजन म्हणे, "आजी, तो प्रश्न विचारणारे काका तुझ्या ओळखीचे का? तुझ्याच रांगेत होते." म्हटलं, देवळातले. खोटं नाही ते.

मंग सहजच म्हणे — बंगलोरहून बोलावणं आहे, दोन वर्षांचं काम. मी भाजी चिरता चिरता इळीवरून उठली. जाणार का तू?

"माहीत नाही आजी. विचार करून राहिली."

तोच सूर, जो स्टेजवर होता. रत्नमालाबाईंले मी काय सांगून बसली! रात्री आजोबांच्या फोटोसमोर उभी राहिली. ते पाहूनच राहिले.

१७ डिसेंबर, बुधवार

फोन आला. "प्रशांतला पसंत आहे. ह्यांनाही — म्हणतात, पोरीनं थाप नाही मारली. फक्त तुमचा शब्द परत ऐकायचाय. भिलाईतच राहील ना?"

गुंजन समोर बसून बोरं खाऊन राहिली होती. 'राहील' तोंडात आलं होतं. मी म्हटलं, बाई, मले माहीत नाही. मी तुमाले न विचारता सांगून बसली. तिलेच विचारा — अन् फोन तिच्या हातात देला, म्हटलं, त्या देवळातल्या काकांच्या घरचा आहे, तुझ्यासाठी स्थळ.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मंग उठून अंगणात गेली. अजून बोलूनच राहिली. एकदा हासली बी. चहा झाकून ठेवला आहे.