नसलेल्या बाईचं उदाहरण

४ डिसेंबर, गुरुवार
रोजनिशीची मला हौस नाही. लिहायला बसले कारण एका डॉक्टरीणबाईने भाषणात उदाहरण म्हणून एक बाई सांगितली, ती बाई जगात नाही, आणि तिच्यापायी आमच्या मागच्या गल्लीतल्या कमलबाईचं काम आज बंद झालं. थोड्या दिवसांनी जो तो हे आपल्या सोयीने आठवेल. त्याआधी कागदावर असू दे.

रविवारी आमच्या डिंडोलीतल्या सोसायटीच्या हॉलमध्ये क्षयरोगावर कार्यक्रम होता. वक्त्या डॉ. हेतल. बारावीला माझ्याकडे प्राणिशास्त्र शिकलेली, म्हणून मला पहिली रांग आणि एक गुलाब. बोलली बरी. मग म्हणाली, "मैं आपको एक उदाहरण देती हूँ. यहीं डिंडोली में एक बहन है. विधवा है, अकेली रहती है, घर बैठे साड़ी पे डायमंड लगाती है, बेटा कडोदरा में लूम पे है. दो महीने दवाई खाई, अच्छा लगा, तो छोड़ दी..."

पुढचं कुणी ऐकलं नाही. हॉल मागे वळला. मागे खांबापाशी कमलबाई बसलेली. विधवा, एकटी, साड्यांना खडे चिकटवणारी, मुलगा कडोदऱ्याला यंत्रमागावर. सगळे वळले म्हणून तीही बिचारी मागे वळून बघत होती, कोण ही बाई म्हणून. तिच्यामागे भिंत.

५ डिसेंबर, शुक्रवार
सकाळी कमलबाई आली. बसली नाही, दारातच उभी. दुपारी तिच्या ओट्यावर काम घेऊन बसणाऱ्या बायका रविवारनंतर फिरकलेल्या नाहीत. पर्वत पाटिया भागातल्या शेठचा टेम्पोवाला दर गुरुवारी साड्यांचं पोटलं, म्हणजे गाठोडं, टाकतो, तो काल तिच्या दारावरून पुढे गेला. शेजारणीकडे दुप्पट उतरवलं.

"बाई, माले खोकला तरी शे का? तुम्हीच सांगा."
नाही, म्हटलं.
"मंग डॉक्टरीणले मनं नाव कोनी सांगं?"
म्हटलं, नाव तिने घेतलंच नाही.
"नाव सोडीसन समदं सांगं."

आत ये म्हटलं, तर म्हणे नको, तुमच्याकडेही लोक येतात.

लगेच हेतलला फोन. ती हसली. "मॅडम, वो पेशंट तो है ही नहीं! मैंने बनाई है." खऱ्या रुग्णाची ओळख पटू नये म्हणून तिने सगळं बदललं. खऱ्या बाईचा नवरा जिवंत आहे, वस्ती दुसरी, काम दुसरं. म्हणजे गोपनीयतेसाठी नवरा मारला, घर हलवलं, हातात खडे दिले. इतकं झाकलं की झाकता झाकता दुसरीच उघडी पडली. आणि वर हसते.

७ डिसेंबर, रविवार
हेतलचा शोधनिबंध, नियतकालिकाने भाषा सुधारायला परत पाठवलेला, माझ्या टेबलावर पंधरवड्यापासून पडून आहे. निवृत्तीनंतर या डॉक्टर मंडळींचं इंग्रजी मी सुधारून देते. रिकामी राहिले तर भांडखोर होते, म्हणून. आज वाचला. ती बाई तिथेच आहे, तिसऱ्या पानावर, 'एका प्रातिनिधिक रुग्णाचा विचार करू' असं म्हणून आणलेली. विचार वाचकाने करायचा. लेखिका पुढच्या परिच्छेदात निघून गेली आहे.

इतक्या वर्षांत या लोकांची उदाहरणं बघून बघून माझा जीव विटला. एक 'जसे की' लिहून तीन रोग देतो आणि 'इत्यादी' जोडतो. चौथा माहीत असता तर लिहिला असता. दुसरा 'प्रातिनिधिक छायाचित्र' म्हणून पेशींचा जो फोटो छापतो तो ढिगातला सर्वांत देखणा असतो, स्थळाला पाठवतात तसा. तिसऱ्याला सगळ्या आकड्यांच्या विरुद्ध जाणारा एकच रुग्ण भेटतो आणि तो त्यालाच 'उदाहरणार्थ' म्हणून दारात उभा करतो, कारण त्याची गोष्ट चटकदार. 'काल्पनिक' हा शब्द असलाच तर तळटीपेत, मुंगीएवढ्या अक्षरात. हेतलने तोही टाकलेला नाही.

आणि बनवलेल्या उदाहरणाचा सर्वांत मोठा गुण असा की ते लेखकाशी कधी भांडत नाही. हेतलचं म्हणणं, बायका बरं वाटलं की औषध सोडतात. तिच्या बाईलाही नेमकं बरंच वाटलं. कसं नाही वाटणार.

९ डिसेंबर, मंगळवार
रुग्णालयात हेतलच्या खोलीत गेले. टेबलावर चषक, भिंतीवर प्रमाणपत्रं. मला खुर्ची दिली, चहा मागवला, सगळं रीतसर.

"मॅडम, मैं सर्टिफिकेट दे देती हूँ ना, की कमलबेन को टीबी नहीं है."
म्हटलं, गल्लीत ज्या बाईकडे असा दाखला आहे ती एकटीच असेल. बाकी कुणाला तो लागतच नाही. दाखला बघून लोक काय समजतील?
"तो फिर मैं बोल दूँ, वो हमारी पेशंट नहीं है?"
आणि पुढच्या खेपेला कुणी खऱ्या रुग्णाचं नाव घेऊन विचारलं तर? तेव्हा गप्प राहशील, आणि गप्प राहणं हेच उत्तर होईल.
हेतल हळूच, "एग्ज़ाम्पल के बिना लोग सुनते नहीं, मॅडम. आपने ही सिखाया था. बेडूक, उंदीर..."

बेडकाला शेजारी नसतात, एवढं म्हणून उठले. चहा तसाच राहिला.

११ डिसेंबर, गुरुवार
टेम्पो आजही पुढे गेला.

आमच्या भागात घरोघर फिरणारी 'आशा' आरोग्यसेविका मंगल. नंदुरबारकडची, तोंडाने फटकळ, कामाला चोख. तिला मी सांगितलं होतं, गल्लीत सांग, ती उदाहरणातली बाई खोटी आहे. तिने सांगितलं. आज येऊन माझ्यावरच बरसली.

"मॅडम, तुमच्या त्या खोट्या बाईनं माझं पूर्ण काम ठप्प केलं. काय म्हणतात माहितीये? बाई खोटी, तर औषध सोडलं की पुन्हा उलटतं तेही खोटंच असेल. एकीनं तर गोळ्यांची पट्टी मला परत दिली. म्हणे, हे पण डॉक्टरीणबेनने बनवलेलं."

म्हटलं, माझी बाई नव्हे ती.
"कोणाची का असेना. घरोघरच्या पायऱ्या मी चढते."

बरोबर आहे. उदाहरण खोटं पडलं की नियमही बरोबर घेऊन पडतो. हेतलला हे कुठल्या वर्षात शिकवतात कोण जाणे. बहुतेक नाहीच शिकवत.

१४ डिसेंबर, रविवार
आजच्या मूर्खपणाची नोंद.

मी ठरवलं होतं की हेतलने यावं, भर दुपारी कमलबाईच्या ओट्यावर बसावं, तिच्या हातचा चहा प्यावा. गल्ली बघेल. कागदापेक्षा हे बरं. हेतल तयार झाली. वेळेवर आली. गाडी गल्लीच्या तोंडाशी लावून चालत आली, बायका दारादारांतून उभ्या. कमलबाईने नवे कप काढलेले, दुधात वेलदोडा.

बाईसाहेबांच्या तोंडाला मास्क.

वॉर्डातून थेट आली होती, काढायचा राहिला. ओट्यापर्यंत येईस्तोवर मी खुणा करून थकले. ती मला हात हलवून नमस्ते करत होती. लक्षात आल्यावर घाईने खाली ओढला, चहा प्यायली, दोनदा 'बहुत अच्छी चाय' म्हणाली. समोरच्या घरातल्या म्हातारीने नातवाला हाक मारून आत घेतलं आणि दार लावलं.

ती गेल्यावर कमलबाईने कप विसळले. रडली नाही. "बाई, आते इले परत नका बलावू. इतलाच उपकार करा."

मंगल तिथेच कोपऱ्यात उभी राहून बघत होती.

१५ डिसेंबर, सोमवार
हेतलचा निरोप: सॉरी मॅडम, आदत से हो गया. सोबत हात जोडलेलं चित्र.
उत्तर दिलं नाही.

कमलबाईचा मुलगा कडोदऱ्याहून आला. म्हणतो, खोली सोड, माझ्याकडे चल. त्याच्याकडे लूमच्या वर एका खोलीत आधीच पाचजण झोपतात. ती म्हणते, गेले तर सगळे म्हणतील, होतं म्हणूनच गेली. चूक नाही तिचं.

१८ डिसेंबर, गुरुवार
अपेक्षा नव्हती ते घडलं. जसं पाहिलं तसं लिहिते.

टेम्पो यायच्या वेळेला मंगल आली आणि कमलबाईच्या ओट्यावर मांडी घालून बसली. मी खिडकीतून पाहिलं आणि खाली गेले. शेजारणीकडे बायका कामाला बसलेल्या. मंगलने तिथूनच आवाज चढवला.

"ए, इकडे बघा सगळ्या. उदाहरण पाहिजे ना तुम्हाला? मी आहे. मला झाला होता टीबी. लग्नानंतर, नंदुरबारला. औषध अर्ध्यात मीच सोडलं, पुन्हा उलटला, मग दुप्पट दिवस खाल्लं. आता बरी आहे. मागच्या हळदीकुंकवाला पुऱ्यांची कणीक कुणी मळली होती? खाल्ल्या ना? मोजून घ्या, कोणकोण मेलं ते."

कुणीतरी हसलं.

एकीने विचारलं, "सोडलं का पण? बरं वाटलं म्हणून?"
"बरं कशाचं! एका खोलीत सात माणसं. सासूला कळू द्यायचं नव्हतं. गोळी खायला आडोसा नव्हता."

उभी राहून ऐकत होते मी. हेतलच्या निबंधातली कारणं माझी तोंडपाठ झालेली आहेत. त्यात आडोसा कुठेही नाही. बनवायला बसलं तर हे सुचणारच नाही. त्यासाठी त्या खोलीत राहावं लागतं.

शेजारणीकडच्या दोघी उठून कमलबाईच्या ओट्यावर आल्या. बाकीच्या जागच्या हलल्या नाहीत. टेम्पोवाला थांबला. पोटलं उतरवलं नाही. "शेठने पूछी जोउं," म्हणाला, म्हणजे शेठला विचारून बघतो. थांबला तरी.

कमलबाई मंगलला म्हणाली, "तू कसाले सांगं वं? तुले कोनी इचारं व्हतं का?"
मंगल म्हणाली, "पायऱ्या मला चढायच्यात."

२० डिसेंबर, शनिवार
आज समोरच्या म्हातारीने मंगलला दारातूनच परत पाठवलं. पलीकडच्या घरात आत घेतलं, पण पाणी विचारलं नाही. मंगल मला हे हसत सांगत होती. मला हसू आलं नाही. या लोकांना खरी बाई चालत नाही, खोटी लगेच पटते. डॉक्टर आणि गल्ली यांत मला आता फारसा फरक दिसत नाही. एकीकडे इंग्रजी आहे इतकंच.

हेतलला फोन करून सांगितलं, ती बाई काढ, खरं उदाहरण देते. नावासकट छापायला मंगल तयार आहे. गल्ली, गाव, सासू, सगळं.

"नाव छापता येत नाही, मॅडम. रूल है. आणि सगळं लिहून झालंय. रिव्ह्यूअरला तोच पॅराग्राफ आवडलाय."
म्हणजे नसलेली छापता येते, असलेली नाही.
"ऐसा नहीं है..."
मग कसं आहे?
"हॉस्पिटलच्या कमिटीला विचारावं लागेल."
शेठला विचारतो म्हणणारा टेम्पोवाला निदान गुजरातीत सरळ बोलला.

२२ डिसेंबर, सोमवार
मंगल दुपारी आली, स्वयंपाकघरात बसून सांगितलं, मी लिहून घेतलं. मध्ये मी दोनदा तिची वाक्यं नीट करायला गेले. "मॅडम, मी असं बोलत नाही," म्हणाली. मग जशीच्या तशी लिहिली. मोठी वाक्यं, मध्येच शिवी, एक ठिकाणी सासूची बाजूही घेतलेली. वाचून दाखवलं. सही केली. सहीखाली स्वतःहून गल्लीचं नाव लिहिलं.

कमलबाईलाही विचारलं, तुझ्या बाबतीत काय झालं तेही जोडू का.
"माले कागदवर लिखू नका बाई. हवामा व्हतू तधळ इतलं व्हयनं." म्हणजे, नुसती हवेत होते तेव्हाच एवढं झालं.

२४ डिसेंबर, बुधवार
सकाळी हेतलच्या खोलीत, तिच्या हातात, समक्ष दिलं:
शोधनिबंधाची तपासलेली प्रत. तिसऱ्या पानावरचा बाईचा परिच्छेद पूर्ण खोडून, समासात कारण लिहून.
मंगलचं निवेदन, तिच्या सहीचं, मराठीत.
त्याचं माझं इंग्रजी भाषांतर. शिवी ठेवली आहे.
कमलबाईकडून काही नाही.

हेतलने निवेदन उभ्याउभ्याच वाचलं. आडोशापाशी थांबली, पुन्हा वाचलं. मग सगळं फाइलमध्ये घालून फाइल कपाटात ठेवली. खोडलेली प्रत मात्र टेबलावरच राहू दिली.

बदल्यात मिळालं: "देखती हूँ, मॅडम."