गणिताची पाच पुस्तकं आणि वरची खोली

मी, चतुराबाई भिका फडोळ, वय कागदावर एकाहत्तर, खरं कोणालाच ठाऊक नाही, धंदा फुलं विकणे, राहणार मखमलाबाद, जिल्हा नाशिक, असं लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे, डोळ्यांना दिसतं, आणि हे लिहायला मला कोणी बसवलेलं नाही. उलट माझा मुलगा ज्ञानेश याने दोनदा उठवलं. शाळा चौथीपर्यंत झाली, अक्षर माझंच आहे. कायद्याची वाक्यं वकीलसाहेबांनी सांगितली. मधलं घरगुती काढून टाका म्हणाले, ते मी काढलेलं नाही. याआधी मी दुसरं मृत्युपत्र केलेलं नाही.

कलम एक. घर. घर माझ्या नावावर आहे. मालक वारले तेव्हा ज्ञानेश सहा वर्षांचा होता. गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, बसून झेंडू, शेवंती, तुळशीच्या माळा विकल्या आणि त्यातून जागा घेतली, एकेक भिंत उभी केली. वडिलोपार्जित यात काही नाही, तेव्हा कोणाला काय द्यायचं ते मी ठरवणार. खालच्या दोन खोल्या ज्ञानेशला. वरची खोली आणि तिचा जिना माझी नात शुभांगी ज्ञानेश फडोळ हिला, लग्न होवो न होवो. जिना मुद्दाम लिहिला आहे. नाहीतर ज्ञानेश खोली देईल आणि जिना काढून घेईल.

कलम दोन. पुस्तकं. इथं वकीलसाहेब हसले. "आजी, पुस्तकं कोणी मृत्युपत्रात लिहितं का?" मी म्हटलं, लिहायचीच. आमच्या घरात जे लिहिलेलं नाही ते ज्ञानेशचं असतं.

झालं असं. शुभांगीचा थोरला भाऊ राज अकरावीला गेला तेव्हा ज्ञानेश स्वतः दुकानात गेला, नवी कोरी पुस्तकं आणली आणि काचेच्या कपाटात लावली. बारावीला राज गणितात नापास झाला. पुस्तकं कपाटातच राहिली. मग शुभांगी दहावीला गणितात शाळेत पहिली आली आणि सायन्सला गेली. तिथलं गणित सगळं इंग्रजीत. तिने कपाटाची किल्ली मागितली, तर ज्ञानेश म्हणाला, "राज परत बसणार हाय परीक्षेला. त्याच्या वस्तूला हात लावायचा नाय. आन तुला कशाला एवढं गणित? दिंडोरीचं स्थळ आलंय, द्राक्षाचा मळा हाय. घड मोजता आले म्हंजे झालं." आणि हसला. मी त्याची आई आहे, तरी लिहिते, ते हसणं मला अजून विसरता आलेलं नाही.

मी दुसऱ्या दिवशी टोपली माझ्या शेजारी फुलं विकणाऱ्या लताबाईकडे सोपवली आणि मेनरोडला पुस्तकांच्या दुकानात गेले. मला पुस्तकातलं काय कळणार? फुलातलं कळतं. फूल ताजं बघायचं, पाकळी ताठ, कोणाचा हात न लागलेलं. पुस्तकही तसंच बघून घेतलं, जाडजूड, चकचकीत. शुभांगीने घाईघाईने उघडलं आणि पानं मागंपुढं चाळत राहिली. मी म्हटलं, "काय गं, शिळं निघालं का?" ती म्हणाली, "नाही आजी, छान आहे. पण हे गाईड आहे. यात नुसती उत्तरं आहेत. असं का, ते कुठंच नाही." मला वाईट वाटू नये म्हणून तिने ते चार दिवस वाचलं. लेकरू माझं.

मग आम्ही दोघी जुन्या पुस्तकांच्या गाडीवर गेलो. मी एकेक पुस्तक उभं धरून पानांची कड बघायला लागले. पहिली बोटभर पानं मळलेली, हाताने काळी झालेली, पुढं सगळी पांढरी. दुसरं तसंच. तिसरं तसंच. मी म्हटलं, "शुभे, ही घेऊ नको. यात पोरं इथवर आली आणि पळाली." गाडीवाला ओरडला, "आजी, झेंडू हाय का तो, वरखाली करायला?" मी म्हटलं, "झेंडू असता तर तुला कळलं असतं कुठला टाकून द्यायचा." शेवटपर्यंत सारखी काळी झालेली मी बाजूला काढत गेले. कोणीतरी तड लावली होती त्यांची. शुभांगीची परीक्षा वेगळी. ती प्रत्येकात त्रिकोणमितीचा एकच धडा उघडायची आणि बघायची, का ते सांगितलंय की नुसतं कर म्हटलंय. तिच्या आणि माझ्या, दोन्ही परीक्षांत पाच उतरली. त्या दिवशी मला जो आनंद झाला तो माझ्या लग्नातही झाला नव्हता, आणि लग्न काही वाईट नव्हतं.

त्या पाचांवर पोरगी वर्षभर बसली. सकाळी मी माळा ओवायची, ती समोर बसून मला समजावून सांगायची. मला कळत नसे. तिचा चेहरा बघत सुईने बोटं टोचून घेतली, हरकत नाही. कॉलेजातले गायधनी सर तिला वर्गात म्हणाले, "ही रीत कुठून आणलीस? मी तर शिकवली नाही." हे मी सगळ्या फुलबाजाराला सांगितलं.

यंदा दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी झेंडू घेऊन गंगेवर होतो. घरी साफसफाई. ज्ञानेशने पाचही पुस्तकं रद्दीत घातली. मी विचारलं तर म्हणाला, "जुनीपानी तर होती, फाटकी. मला काय माहीत कामाची हायेत?" माहीत होतं. दिंडोरीचे पाहुणे दिवाळीनंतर येणार होते. सुनेने, मनीषाने, हळूच रद्दीवाल्याचं नाव सांगितलं. सणाचा धंदा सोडून मी त्याच्या दुकानात ढिगात बसले. चार सापडली. पाचवं, सगळ्यात काळं झालेलं, फाडून भेळवाल्याला गेलं होतं. गायधनी सरांनी त्यांच्याजवळचं तेच पुस्तक आठ दिवस दिलं आणि शुभांगीने दोन वह्यांत हाताने उतरवून काढलं. रडली नाही. मला ते जास्त लागलं.

सबब चार पुस्तकं व दोन वह्या ही माझी स्वकष्टाची मालमत्ता असून ती शुभांगीची आहेत. तिसऱ्या कोणी ती विकणे, देणे, हलवणे नाही. काचेच्या कपाटातली मात्र मला देता येत नाहीत. वकीलसाहेब म्हणाले, जे आपलं नाही ते दुसऱ्याला देता येत नाही. मी म्हटलं, हे एकदा ज्ञानेशला सांगा.

कलम तीन. माझी बोरमाळ शुभांगीच्या पुढच्या शिक्षणाला. लग्नात घालायला नाही. दिंडोरीकरांनी मागितली तर हे कलम वाचून दाखवावं.

कलम चार. तराजू, टोपल्या आणि गंगेवरची बसायची जागा मनीषाला. ती नवऱ्यासमोर बोलत नाही. तिथं बसली की आवाज फुटेल, माझा फुटला होता. राजला रेडिओ. त्याच्यावर माझा राग नाही. त्याला कोणी विचारलंच नाही, की बाबा तुला गणित हवंय का.

कलम पाच, शेवटचं. वकीलसाहेब म्हणाले, हा कागद माझ्या मागे लागू होईल. बारावीची परीक्षा फेब्रुवारीत आहे आणि मला तोवर मरायला काही झालेलं नाही. म्हणून वरच्या खोलीला कालच कुलूप लावलं, किल्ली शुभांगीला दिली. आणि हा कागद पेटीत न ठेवता आज जेवताना लताबाई ज्ञानेशला वाचून दाखवेल. त्याने नीट ऐकावं. मी जिवंत असेतो मला हा बदलता येतो. शुभांगी परीक्षेला बसली नाही, किंवा त्याआधी घरात पाहुण्यांचे पोहे झाले, तर मी दुसरा कागद करीन आणि त्यात खालच्या खोल्याही त्याच्या नसतील. तो म्हणेल, "आई, पोटच्या पोरावर एवढाही भरवसा नाय?" नाही. असता तर कागद केला नसता.

वाचून, समजून, माझ्या हाताने सही केली आहे.

चतुराबाई भिका फडोळ

साक्षीदार, ज्यांना या कागदातून काही मिळत नाही:
१. लताबाई रंगनाथ तिडके, फुलविक्री, मखमलाबाद
२. बाळाजी रामचंद्र गायधनी, शिक्षक, पंचवटी

ठिकाण: नाशिक
तारीख: १९ नोव्हेंबर २००३